ओला बोळा, कोरडा बोळा

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर मुलांची बुद्धी मोजायला आलेला काळ्या कोटातला मेंदूमापक आणि त्याची ती पेटी. पेटीला तारा, तारांना पट्टा, समोर ताटाएवढी तबकडी. मुलाच्या कपाळाला पट्टा बांधला की काटा थरथरत वर चढे आणि आईबाप टाचा उंचावून पाहत.

"एकशे बेचाळीस. सूक्ष्म लहरींचा नुसता महापूर आहे," मापक डोळे मिटून सांगे. त्या महापुराने सकाळीच दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून स्वतःला पाडून घेतलं होतं, हे ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताई नववीतली. रांग लावायचं काम तिच्याकडे, म्हणून ती मंचाला चिकटूनच उभी. जीव मात्र रांगेतल्या बिट्टीत, धाकट्या बहिणीत. वरच्या आकड्यांच्या मुलांचा वेगळा वर्ग निघणार होता. तिथे प्रयोगशाळा, तिथे हवे तितके रंग. बिट्टीला तो वर्ग हवाच होता. मुंगीला आपलं घर कसं दिसत असेल, याचा नकाशा ती महिनाभर खपून काढत होती. त्यात सतरंजीचं रान होतं आणि बाबांच्या चपलेची गुहा.

बिट्टीचा काटा ब्याऐंशीवर थांबला.

"साधारण. फार अपेक्षा ठेवू नका," मापक म्हणाला. आईने मान डोलावली.

ताईने काट्यावरची नजर काढली आणि मापकाच्या मदतनीस बाईंचे हात पाहिले. बाई आधी प्रगतिपुस्तक उघडत, मग कपाळ पुसत. वरच्या नंबराच्या मुलांना डाव्या वाटीतला ओला बोळा, बाकीच्यांना उजवीतला कोरडा. ताईने हळूच डाव्या वाटीत बोट बुडवून चाटलं. खारट.

ती सरळ मंचावर चढली, फळा पुसायचा स्पंज त्या वाटीत बुडवला आणि पट्ट्याखाली धरला. काटा एकशे साठावर.

"सर, याला कुठल्या वर्गात बसवू?"

सभागृह खो खो हसलं. विज्ञानाच्या बाईंनी उठून समजावलं, की मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, कोरड्या कातडीतून फारशी नाही. काटा ओलावा मोजतो, आणि ओलावा कुणाला मिळणार ते मागच्या वर्षीचे मार्क ठरवतात. तोवर मापक पेटीसकट मागच्या दाराने पसार.

ताईला वाटलं, जिंकलो. पण एकशे बेचाळीसचे वडील म्हणाले, "माणूस लबाड असेल हो, पण आमच्या पोराचा आकडा बरोबर काढला." आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, आकडे पडतील तशी यादी टाइप झाली आहे, आता वर्ग तिच्यावरूनच.

घरी बिट्टी नकाशा पालथा घालून त्याच्या कोऱ्या पाठीवर पाढे लिहीत होती. ताईने मीठ, बोळा, स्पंज, सगळं पुन्हा सांगितलं. बिट्टीने नीट ऐकून घेतलं.

"कळलं गं ताई. पण माझे ब्याऐंशीच ना?"

मुंगीच्या डोळ्यांनी घर पाहणारं डोकं मोजेल, अशी तबकडी अजून कुणी केलेली नाही. केली म्हणून कुणी सांगत आलाच, तर आधी त्याच्या वाटीत बोट बुडवून पाहा. आणि लेकराच्या कानावर आकडा पडायच्या आत पाहा. ताईला तेवढाच उशीर झाला.