बघून सांग

"आसमान का रंग कैसा होता है, बेटा?"

शलाका खुर्चीवरून खाली उतरली. मुलाखत घेणाऱ्या बाईंना वाटलं, मुलगी रडत आईकडे जाणार. पण ती सरळ खिडकीपाशी गेली, गजांना धरून टाचा उंचावून वर बघितलं, आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

"मळकट," ती म्हणाली.

"क्या?"

"मळकट. भूरा. धूळ आहे ना." मग थोडा विचार करून तिने भर घातली, "ढग असतील, पण दिसत नाहीयेत."

बाईंनी पुढच्या कागदावर एक फुली मारली. समोर बसलेल्या तिच्या आईला, अलकाला, ती उलट्या बाजूनेही स्पष्ट दिसली. गवताचा रंग विचारला तेव्हा शलाका पुन्हा उतरू लागली, तसं बाईंनी हातानेच थांबवलं. "बच्ची अभी कच्ची है. रंग नहीं पहचानती. अगले साल लाइए."

रस्त्यावर आल्यावर दिलीपने सायकलरिक्षा थांबवली. रिक्षा सोडाल्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घराकडे निघाली. शलाका मधे बसून पाय हलवत होती.

"निळं म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?" दिलीप म्हणाला.

"बाबा, नव्हतंच निळं."

"हो गं बाई. तू आईची लेक. माझ्याकडून फक्त नाक घेतलंस."

अलका हसली नाही. ही तिसरी शाळा होती. पहिल्या शाळेत जागाच नव्हती. दुसऱ्या शाळेत बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, वडील पुण्याला आणि मुलगी इथे, असं कसं? बदली कोणाची झाली? माझी, असं अलकाने सांगितल्यावर त्यांनी अर्ज परत दिला. आज मंगळवार होता. शुक्रवारी दुपारच्या गाडीने दिलीप पुण्याला परत जाणार होता. बँकेने एवढीच रजा दिली होती, आणि त्याच्या बदलीच्या अर्जाला अजून उत्तर नव्हतं. दोघांचं आधीच ठरलं होतं: शुक्रवारपर्यंत शाळा मिळाली तर शलाका आईजवळ राहील, नाहीतर बाबाबरोबर पुण्याला आजी-आजोबांकडे जाईल. ठरवताना अलकाला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

ती वेधशाळेत निरीक्षक होती. पुण्यात अकरा वर्षं तिने तापमान, वाऱ्याची दिशा आणि ढग यांची नोंद केली होती. आभाळाचे मनाने आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेले आहेत ते लिहायचं, हे काम सांगायला सोपं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, एका कंटाळवाण्या दुपारी, तिने खुर्चीत बसूनच 'तीन' असा आकडा लिहिला होता. तिच्या वरिष्ठांनी, पंडितसाहेबांनी, तो पाहिला, तिला बाहेर हिरवळीवर नेलं आणि पंधरा मिनिटं मान वर करून उभं केलं. ढग आठात तीनच होते. "बरोबर निघालं ना साहेब," ती म्हणाली होती. "न बघता लिहिलेलं बरोबर निघालं तरी ते चूकच, बाई," ते म्हणाले होते.

पुढे रविवारची ड्यूटी असली की ती शलाकाला बरोबर न्यायची. त्या घरात 'बाहेर थंडी आहे का' या प्रश्नाला दार उघडल्याशिवाय उत्तर मिळत नसे. दिलीप याची चेष्टा करायचा. "मी ऑफिसातून आलो का, हेसुद्धा ही बाल्कनीत जाऊन बघून सांगेल," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

वर्षापूर्वी एक बढती तिने नाकारली होती. या वेळी बढतीबरोबर इथली बदली आली तेव्हा दिलीपच म्हणाला होता, "घे. अकरा वर्षं वर बघतेयस, एकदा वर चढ तरी."

घरमालकीण माथुर चाची खालच्या मजल्यावर राहायच्या. शलाकाचा निकाल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. जुलै उजाडला तरी त्या वर्षी पावसाचा थेंब नव्हता. चाचींच्या अंगणात रोज सकाळी धुळीचा थर साचायचा. पण शाळेतल्या आभाळाबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती.

"ऐ छोरी, इधर आ. आसमान?"

"भूरा."

"नीला! घास?"

"तुमची? पिवळी आहे."

"हे राम! घास हरी होती है, हरी! अलका बहन, इसे तुमने क्या खिलाया है?"

बुधवारी संध्याकाळपर्यंत चाची आणि दिलीप आलटून पालटून तिला विचारत होते. गुरुवारी चौथ्या शाळेत मुलाखत होती. चाचींची भाची तिथे शिकून गेली होती, म्हणून वेळ मिळाली होती. त्यानंतर दुसरी शाळा उरली नव्हती.

दिलीप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अलका पिठाचे हात घेऊन ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"तू सांग तिला. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

"काय सांगू?"

"निळं म्हण, एवढंच. अगं, एका शब्दासाठी... मला तिला घेऊन जायला काय जड आहे? माझी तर चैन आहे. पण तू इथे एकटी..."

अलकाने हात धुतले. शलाका गच्चीच्या पायरीवर बसली होती. अलका तिच्याजवळ बसली.

"शलू, उद्या बाई विचारतील आभाळाचा रंग. तेव्हा निळा म्हणायचं."

"उद्या निळं असेल?"

"माहीत नाही."

"मग?"

"शाळेत तसं म्हणतात."

शलाकाने आईकडे नीट बघितलं. "शाळेतलं उत्तर?"

"हो. शाळेपुरतं."

"बरं," शलाका म्हणाली आणि उठून आत गेली. एवढ्या सहज मान्य होईल असं अलकाला वाटलं नव्हतं. ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. खालून चाचींचा आवाज येत होता, "नीला बोली? बोली? शाबाश!"

चौथी शाळा जुनी होती. मधे मोठं पटांगण, कडेला कडुनिंबाची ओळ. वर्ग अपुरे असल्यामुळे पहिली-दुसरीची मुलं निंबाखाली सतरंज्या अंथरून बसली होती. मुख्याध्यापिका भार्गव मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या. टेबलावर प्रवेशअर्जांचे गठ्ठे होते. त्यांनी दिलीपला आणि अलकाला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. "माँ-बाप बीच में नहीं बोलेंगे," त्या म्हणाल्या.

शलाकाने नाव सांगितलं. वीसपर्यंत आकडे म्हटले. अकरापासून पुढचे मराठीत, पण क्रम बरोबर होता.

"अच्छा. अब बताओ, आसमान का रंग?"

शलाकाने खिडकीकडे बघितलं, मग मान वळवून आईकडे.

"आई, शाळेतलं सांगू की बघून सांगू?"

भार्गव मॅडमनी पेन खाली ठेवलं. "क्या पूछ रही है?"

दिलीपने पटकन पुढे झुकून काहीतरी सांगायला सुरुवात केली. "जी, वो पूछ रही है कि..." तो अलकाकडे बघू लागला.

"पूछ रही है," अलका म्हणाली, "कि स्कूल वाला जवाब दूँ, या देखकर दूँ."

"स्कूल वाला क्या है?"

"नीला."

"और देखकर?"

"वो तो देखना पड़ेगा." अलकाचे कान तापले होते. "स्कूल वाला मैंने कल सिखाया. पहले नहीं सिखाया था."

भार्गव मॅडमनी समोरचा गठ्ठा बाजूला सारला. मग शलाकाकडे वळल्या. "जाओ. देखो."

शलाका उतरली. खिडकी उंच होती. दिलीपने न विचारता उठून तिला उचललं. ती बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ, की भार्गव मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"आई," शलाका म्हणाली, "वर भूरं आहे. पण तिकडे खाली पिवळं आहे. जमिनीपासून. भिंतीसारखं."

अलका बाकावरून उठली आणि खिडकीपाशी गेली. पश्चिमेला, घरांच्या छपरांच्या मागे, पिवळसर काळी भिंत उभी होती. निंबाचं पानही हलत नव्हतं.

"आँधी है," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळा होता, ऑफिसातला होता. "बच्चों को अंदर लीजिए. दस मिनट हैं."

भार्गव मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं, खिडकीबाहेर एकदा बघितलं, आणि टेबलावरची पितळी घंटा उचलून स्वतःच व्हरांड्यात गेल्या. पटांगणात एकदम गोंधळ उडाला. शिक्षिका सतरंज्या गोळा करू लागल्या, मुलं चपला शोधू लागली. दिलीप शलाकाला खाली ठेवून बाहेर धावला. थोड्या वेळाने तो दोन्ही काखांत एकेक रडकं मूल घेऊन येताना दिसला. तिसरं त्याच्या शर्टाला लोंबकळत होतं.

दहा मिनिटं नव्हती. चार होती. शेवटची ओळ व्हरांड्यात शिरते न शिरते तोच आभाळ खाली आलं. खिडकीचं एक दार धडाडकन आपटलं, दिवा गेला, आणि खोलीत धूळच धूळ झाली. टेबलावरचे अर्ज उडाले. दिलीप दोन्ही हात पसरून टेबलावर पालथा पडला आणि राहिलेले कागद त्याने छातीखाली दाबून धरले. अंधारात भार्गव मॅडम पदर डोक्यावर घेऊन कपाटाला टेकून उभ्या होत्या. बाहेर शेकडो मुलं आनंदाने किंचाळत होती.

वीस मिनिटांनी उजाडलं. सगळ्यांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. शलाकाने दातांवरून जीभ फिरवली. "कचकच," ती म्हणाली.

भार्गव मॅडमनी खुर्ची पुसली आणि बसल्या. "आपने दस मिनट कहा था."

"जी."

"चार में आ गई."

"जी. अंदाज़ा ग़लत हो गया."

"आप करती क्या हैं?"

अलकाने सांगितलं. भार्गव मॅडमचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मग त्या अशा हसू लागल्या की डोळ्यांतलं पाणी धुळीवर ओघळलं. "मौसम विभाग! बेटी सही, माँ ग़लत!"

"मैडम," दिलीप टेबलावरून उठत म्हणाला, "इनके भरोसे मैंने आज तक छाता घर पर नहीं छोड़ा."

अलकालाही हसू आलं. ते आवरेना. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, दातांत रेती घेऊन.

भार्गव मॅडमनी दिलीपच्या छातीखालून वाचलेल्या गठ्ठ्यातून शलाकाचा अर्ज शोधला, झटकला आणि वाचला. "पिता पुणे में. तबादला आपका. जिस दिन सुबह की ड्यूटी, उस दिन इसे कौन लाएगा?"

"मकान मालकिन. उन्होंने हाँ कहा है. मैंने दो बार पूछा है."

"दो बार?"

"जी. पहली बार वो जल्दी में थीं."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग छापील 'पिता का व्यवसाय' या ओळीखाली, जिथे रकाना नव्हता तिथे, त्यांनी स्वतःच्या हाताने 'माता' असं लिहिलं आणि पेन अलकासमोर धरलं. "यहाँ अपना लिखिए. बच्ची की हिंदी की चिंता मत कीजिए. अक्षर तो वही हैं, दिवाली तक आ जाएगी. सोमवार, सात बजे."

घरी चाचींनी दारातच विचारलं, "नीला बोली न?"

"नहीं," शलाका म्हणाली.

"तो?"

"सोमवार, सात बजे," दिलीप म्हणाला, आणि चाचींनी तिघांनाही धुळीसकट जवळ घेतलं.

शुक्रवारी दुपारी स्टेशनवर गर्दी नव्हती. दिलीपला खिडकीची जागा मिळाली होती. पुढे सवाई माधोपूरला गाडी बदलायची होती. शलाका त्याला गजांतून वर्गाबद्दल सांगत होती, आपल्याला निंबाखाली बसायला मिळणार आहे आणि तिथे चपला काढून ठेवाव्या लागतात. दिलीप नेहमीसारखं काहीबाही बोलत होता. चहावाल्याच्या मिशीवर त्याने एक विनोदही केला.

सिग्नल पडला. त्याने बाकाखालची सूटकेस ओढून मांडीवर घेतली आणि उघडली. वरच्या बाजूला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले, शलाकाचे दोन फ्रॉक होते. खाली तिचा पुण्याच्या पावसाळ्यातला रेनकोट, पांढरे मोजे, रिबिनी.

"बुधवारी भरले होते," तो अलकाकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, ऐन वेळी धावपळ नको."

तो एकेक वस्तू गजांतून बाहेर देऊ लागला. अलका घेत गेली. रेनकोट शेवटी आला. तो गजांत अडकला, तेव्हा दोघांनी मिळून त्याची बाही सोडवली.

दिलीपने सूटकेस बंद केली. कडी लावताना आतल्या मोकळ्या जागेत त्याचा दाढीचा डबा इकडून तिकडे घरंगळल्याचा आवाज आला. गाडी हलली. शलाका चालत्या डब्याबरोबर चार पावलं गेली आणि हात हलवत राहिली. अलकाचे दोन्ही हात भरलेले होते.