विंचरलेली पट्टी

वाळूच्या पट्टीवर पुरुषाची अकरा पावलं होती, बाईची चौदा आणि लहान मुलाची दहा. सगळी पलीकडून अलीकडे आलेली. मुलाची मात्र पट्टीच्या मध्यावरच संपत होती.

सीमेलगतची ही पट्टी गस्ती तुकडी जीपमागे टायर ओढून विंचरल्यासारखी सारखी करायची आणि पुढच्या पाळीत तिच्यावरचे माग वाचायची. माग वाचणाऱ्या हवालदाराला सगळे मामा म्हणत. "इथून बापानं उचलून घेतलंय," सकाळी त्यांनी पाहताक्षणी सांगितलं होतं. नवरा-बायको झुडपांत लगेच सापडले, पोर नव्हतं. त्यांची भाषा कुणालाच येत नव्हती. बाई कमरेइतका हात धरून नवऱ्याकडे बोट दाखवी, नवरा तिच्याकडे. तेव्हापासून तुकडीनं अलीकडचं एकेक झुडूप पालथं घातलं होतं. ऊन डोक्यावर आलं होतं.

ड्रायव्हरनं टायर जोडले. "मामा, सरका. पट्टी पुसायचीय. का तिची कुंडली मांडताय अजून?"

"थांब रे, बाबा."

मूल उचललं तर पुढचं पाऊल जड पडायला हवं. मामांनी बापाच्या आधीच्या पावलात काडी टेकवून नखानं खूण केली, मग पुढच्या पावलात टेकवली. खोली तेवढीच. बाईच्या पावलांतही तेच.

मामा पोटावर आडवे झाले. बापाच्या मागच्या पावलात, टाचेपाशी, चिमुकली बोटं उमटली होती. पलीकडे तोंड करून. त्याच्या मागच्या पावलातही. माग पलीकडच्या ओढ्याच्या दिशेनं जात होता.

"परत गेलंय रे पोर. बापाच्या पावलांत पाय टाकत गेलंय." मामा उठून बसले. "मी वाचलंच नाही. गृहीत धरलं."

"मग चला, आणू या!"

"एक पाऊल टाकून बघ. पलीकडचे गोळी घालतील. आपणही तेच केलं असतं."

भरकटलेली गुरं परत करायची असली की दोन्हीकडच्या तुकड्या पांढरं फडकं दाखवत. मामांनी ते काठीला बांधून उंच धरलं. पलीकडच्या मनोऱ्यावरून एक शिपाई उतरून रेषेपर्यंत आला. त्यानं भुवया उंचावून डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली.

मामांनी नकारार्थी मान हलवली. मग त्या बाईसारखाच कमरेइतका हात धरला आणि त्याच्यामागच्या ओढ्याकडे बोट केलं.

शिपायानं क्षणभर पाहिलं आणि टोपी सावरत तो पळत सुटला.

सावल्या लांबल्या तेव्हा तो परतला. खांद्यावर मुलगी होती, हात लोंबत होते. रेषेवर उभं राहून त्यानं तिला मामांच्या हातांत दिलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

चौकीत तुकडीच्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला. एकशे चार. आईला जवळ बसवून तिच्या हातात ओल्या घड्या दिल्या. ड्रायव्हर बादल्या आणत राहिला. मामा दाराशी उभेच.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा थर्मामीटर लावला, उजेडात धरून वाचला आणि आकडा मोठ्यानं सांगितला.

साडेनव्याण्णव.