गोमतीची तसबीर

"आता हे तं थेट इंदरचंद शेटच्या सूनबाईवानी दिसून राह्यली!" तुळसाबाईनं कडेवरची घागर खाली ठेवली, कागदाकडं पाहिलं आणि बोलून मोकळी झाली.

लखीराम चिताऱ्यानं कुंचला ठेवला. हा चौथा कागद. पहिल्यावर उतरली ती भिंतीवरची लक्ष्मी, दुसऱ्यावर शेटजींची स्वर्गवासी आजी, आणि तिसरी तर चक्क वऱ्हाडी लुगडं नेसून आली. त्याची बायको काही येईना.

वैशाखातलं शिरपूरचं ऊन म्हणजे काय विचारता! त्यातून तो सन तेहतीसचा उन्हाळा. शेटजींच्या नव्या घराच्या भिंती हाताला चटका देत. कुंचल्यावर रंग घेऊन भिंतीपर्यंत न्यावा, तोवर त्याची खपली. लखीराम दाराला ओलं गोणपाट टांगायचा, मनगटाला फडकं बांधायचा. नाहीतर कोपरावरून ओघळलेला घाम थेट देवाच्या मुकुटात. तुळसाबाई दिवसभर चुन्याला पाणी घालायची आणि जाता-येता त्याचं गोणपाट भिजवायची. असे चोवीस उन्हाळे त्यानं काढले होते. मारवाडातून आला तेव्हा बाविशीचा होता. एवढी एक हवेली रंगवतो आणि परत येतो, असं घरी सांगून निघालेला. एकीतून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी. वाशीम, कारंजा, शिरपूर करता करता गडी इथलाच होऊन गेला.

परवा गावाहून पुतण्याचं कार्ड आलं. काकी गेली, बारावाही उरकला. घरात तिची एकही छबी नाही. काकाजी, तुम्ही एवढ्या लोकांच्या तसबिरी करता, तिची एक करून पाठवा. पोरांना हार घालायला काहीतरी हवं.

आता बोला!

"नाक कसं व्हतं तिचं?" तुळसाबाईनं विचारलं. "सरय का बसकं?"

लखीरामनं कुंचला पाण्यात खळबळला.

"डोये?"

तो बोटाला लागलेला गेरू खरवडत बसला.

"अरे बाप्पा! बायकोचं नाक माईत नाही तुले?" ती हसायला लागली आणि त्याचा चेहरा पाहून अर्ध्यात थांबली.

"आमच्याकडं मोठ्या मानसायपुढं बाई तोंडावर घुंगट घेते," तो म्हणाला. "बाप, काका, थोरला भाऊ, सारं घर भरेल व्हतं. लगन झालं तवा चार महिने होतो. मंग दोनदा गेलो, बस. दिवसा तिचं तोंड मी पायलंच नाही. खोलीत ये ते दिवा मालवूनच."

"मंग घरच्या बायायले कागद लिवून इचार ना."

"काय इचारू? माही बायको दिसे कशी?" त्यानं कागद पालथा घातला. "कोन्या तोंडानं इचारू, तुळसाबाई? नवरा हाय मी तिचा."

तुळसाबाईला वाईट वाटलं, आणि रागही आला. "अन् दुनियेच्या मेल्या बुढ्यायची तोंडं काढत राह्यला," ती पुटपुटली आणि घागर उचलून गेली. त्याला ते चांगलंच लागलं. शेटजींच्या आजीला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकून काढली, तर शेटजी भिंतीपुढं उभे राहून ढसाढसा रडले होते.

दुपारी गवंडी जेवायला गेले तेव्हा लखीरामनं पाचवा कागद घेतला. चेहऱ्याचा नाद सोडून दिला. आधी लाल ओढणी काढली, पार छातीपर्यंत ओढलेली. मग दाराआडून पाण्याचा लोटा पुढं करणारा हात. हात मात्र झरझर आला. लाखेच्या बांगड्या, अंगठ्यावर तव्याचा डाग, करंगळी जराशी वाकडी. ती करंगळी काढताना त्याला रडू फुटलं. तिचं नाव त्यानं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांच्याकडं नवरे घेतच नसत. त्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात त्यानं ते लिहिलं. गोमती.

तसबीर टपालानं गेली. ज्येष्ठ लागला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. एका सकाळी तो भिंतीवरच्या हत्तीची झूल रंगवत असताना टपालवाल्यानं कार्ड आणून दिलं.

'तसबीर पावली. हात सगळ्यांनी ओळखला. माझी थोरली पोर त्या करंगळीवरून बोट फिरवत राहिली. पण काकाजी, काकीनं घुंगट सोडून नऊ वर्षं झाली होती. दादाजी गेले, माझे बापू गेले, घरात मोठं कुणी उरलंच नव्हतं. अंगणात ती उघड्या तोंडानं बसायची. पोरं विचारतात, काकाजींनी काकीचं तोंड का झाकलं?'

मरणाची ती सगळी कार्डं लखीरामला वेळच्या वेळी मिळाली होती. दर वेळी त्यानं इथल्याच विहिरीवर अंघोळ केली होती आणि पुन्हा कामाला लागला होता. त्याच्या मनातलं घर मात्र भरलेलंच राहिलं. नऊ वर्षं! गावी पोचायला चार दिवस लागले असते.

"काय लिवलं?" तुळसाबाईनं विचारलं.

"हात वयखला म्हन्ते साऱ्यायनं."

"अन्?"

"अन् काई नाही," लखीराम म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.