लाडानं मऊ पडलेलं म्यान

मित्रांनो, मी एक जुनं म्यान आहे. तलवारीचं नव्हे, पिस्तुलाचं. फार बोलवत नाही आता, पण एवढं सांगून टाकतो आणि मोकळा होतो.

अमेरिकेतल्या मॉन्टानात मेंढ्या राखणाऱ्या सेल्मर हॉगनने मला जाड कातड्यातून शिवलं. ओलं कातडं पिस्तुलावर दाबून चुलीपासून लांब वाळवलं. तेव्हा मी असा ताठ होतो, की पिस्तूल बाहेर काढलं तरी माझं तोंड उघडंच राही. ते का, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

सेल्मर गेला आणि मी त्याच्या लेकीच्या, वर्नाच्या कमरेला आलो. पहिल्याच सकाळी तिची नि तिच्या नवऱ्याची, डेलमारची, जुंपली.

"गोळी नळीत नको ठेवूस गं. वेळ आली की भर."

"कोणत्या हातानं? एका हातात कोकरू असतं माझ्या! अस्वल काय थांबणार आहे, बाई तुझं आवरू दे म्हणून?"

"मग निदान घोडा तरी चढवून ठेवू नकोस."

हे तिला पटलं. गोळी नळीत, पण पिस्तुलाच्या पाठीवरचा, गोळीवर आपटणारा घोडा खटक्यानं अलगद खाली उतरवलेला. असं केलं की पहिल्या गोळीला बोटाखालचा चाप लांबवर आणि जोरानं ओढावा लागतो, आणि तो ओढताना घोडा आधी वर उठतो. वर डेलमारची एक अट होती. पिस्तूल माझ्यात ठेवताना अंगठा घोड्यावर हवा. चापाला काही अडकून तो ओढला गेला, तर घोडा उठताना अंगठ्याला कळतं. वर्ना हसायची, "झालं तुझं पुराण?" पण अंगठा ठेवायची.

अठरा वर्षं ऊन, बर्फ, मेंढ्यांचं ओशट अंग, सगळं सोसलं मी. लोक म्हणायचे, "काय जपलंयस गं!" ती फुलून जायची. बापाची आठवण म्हणून दर हिवाळ्यात मला वाटीभर तेल चोळायची. मीही लाडावलो. तेल पीत गेलो, मऊ होत गेलो. पिस्तूल निघालं की माझं तोंड आता मिटायचं, कडा आत वळायची. मला ते जाणवत होतं. पण सांगणार कसं?

गेल्या वसंतात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, कुंपणापाशी अस्वल आलं. वर्नानं पिस्तूल उपसलं, डेलमारनं आरडाओरडा केला, अस्वल गेलं. काखेत कोकरू धरून ती पिस्तूल माझ्यात सारू लागली. माझी वळलेली कडा चापाभोवतीच्या कडीत शिरून चापाला अडकली. नळीचं तोंड तिच्या मांडीकडे होतं. ती दाबत होती आणि मी, तिच्या बापानं शिवलेला मी, चाप ओढत होतो. अरे देवा! माझ्याच हातून का?

वर्नाचा हात थबकला.

"डेलमार, घोडा उठतोय."

"दाबू नकोस. अंगठा काढू नकोस. कोकरू सोड, आणि पिस्तूल आत गेलं तसंच सरळ वर काढ."

पिस्तूल निघालं. ती तिथंच चिखलात बसली. डेलमारनं माझ्या तोंडात बोट घालून पाहिलं.

"कडा आत वळलीय याची. चिंधी झालीय नुसती."

"दरवर्षी तेल देते मी याला!"

"म्हणूनच, वर्ना."

तिनं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबांच्या हातचं आहे रे."

"ते असते तर त्यांनीच हे फेकून दुसरं शिवलं असतं."

मला वाटलं, आता खिळ्याला टांगतील, आणि उद्या कुणीतरी हौसेनं पुन्हा कमरेला लावेल. पण वर्नानं खिशातला चाकू काढला आणि माझा पट्टा स्वतः कापला. रडत होती. आता तिच्या कमरेला नवं, ताठ म्यान आहे, आणि अंगठा अजून घोड्यावरच असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, पण तिचं काम एकदा नीट तपासूनही बघा. थकलेल्याला वेळेवर सोडा. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं, ते सगळे माझ्यासाठी हळहळले. मी मात्र अठरा वर्षांत पहिल्यांदा निवांत पडलो होतो. वर्ना दोन्ही पायांनी चालत कोकरांकडे गेली, ते मी पाहिलं.