मी ‘मजबूत’ म्हणालो

मी
*फार लहान. किमान आठ अक्षरे हवीत.*

मी एक जुना नियम आहे
*आकडा नाही.*

मी ६ वर्षांचा एक जुना नियम आहे
*चिन्ह नाही.*

मी ६ वर्षांचा एक जुना नियम आहे!
*मजबूत.*

मित्रांनो, मी लोकांना असंच अडवत अडवत आत सोडतो. मी पासवर्डचा नियम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, गंजायला लोखंडही नाही. आष्टी तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या संगणकात मी राहतो. कुणी नवा पासवर्ड लिहिला की तो आधी माझ्यासमोरून जातो. पुरेसा असेल तर मी हिरव्या अक्षरांत ‘मजबूत’ म्हणतो. नसेल तर लाल अक्षरांत परत पाठवतो. एवढंच माझं काम.

जन्म

दुष्काळाच्या साली संस्थेने माळावर चारा छावणी उघडली. पाचशे जनावरांची जागा होती, पाचशेएकाव्याला नाही. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर चार आकडे. रोज सकाळी मालकाने पत्र्याच्या खोलीत यायचं आणि संगणकावर ‘हजर’ हे बटण दाबायचं. शेजारी दुसरं बटण होतं, ‘जनावर नेले’. ते दाबलं की नाव कमी व्हायचं आणि फाटकात थांबलेल्या पुढच्या माणसाच्या जनावराला जागा मिळायची.

माझ्या आधी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. तो पत्र्यावर खडूने लिहिलेला असे. संस्था सगळ्यांची, म्हणून पासवर्डही सगळ्यांचा. मग एकदा कुणीतरी गंमत म्हणून शेजाऱ्याची म्हैस संगणकावर नेली. खरी म्हैस दावणीलाच रवंथ करत होती. भांडण मात्र फाटकापर्यंत गेलं.

तेव्हा शिवकन्येने मला तयार केलं. ती संस्थेची ऑपरेटर, अंबाजोगाईला शिकून आलेली. प्रत्येक मालकाला स्वतःचा पासवर्ड द्यायचा असं तिने ठरवलं. माझी जन्मपत्रिका अशी:

किमान लांबी: आठ (काना, मात्रा, वेलांटीही मोजून)
अक्षर: हवे
आकडा: हवा
चिन्ह: हवे
आत शिरताना चुकण्याची मुभा: तीन वेळा

अर्ध्या तासात मी कामाला लागलो. लोकांना समजावं म्हणून तिने फळ्यावर एक नमुना लिहून ठेवला: नाव@१२३४.

कौतुक

“आमच्या छावणीत मुंगीबी पासवर्डाबिगर यत न्हाई,” असं संस्थेचे सचिव मोहनराव पाहुण्यांना सांगायचे.

म्हातारे तात्याबा मात्र पहिल्याच दिवशी माझ्यावर चिडले. “आठ अक्षरं? माझं नावच तीन अक्षराचं हाय बे. बाकीची काय सासऱ्याकडून आणू?”

हळूहळू लोकांना वाट सापडली. ते फळ्याकडे बघायचे, मग आपल्या जनावराकडे बघायचे, मग लिहायचे. हरणी@४४१७. मी मोजलं. लांबी पुरेशी, अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे. मजबूत. बिजली@४२०९. मजबूत. पवळी@४३८८. मजबूत. एकही पासवर्ड कमजोर नाही, याचा मला अभिमान वाटू लागला.

मला काय कळतं: लांबी. अक्षर. आकडा. चिन्ह.
मला काय कळत नाही: बाकी सगळं.

गुरुवार

भिवराबाईंचा नवरा ऊसतोडीला गेला होता. मागे त्या आणि त्यांची गाभण गाय, हरणी. गुरुवारी सकाळी ‘हजर’ दाबायला त्या आल्या, तर पडद्यावर हरणीचं नावच नव्हतं.

*जनावर नेले. बुधवार, दुपारी १२.१०.*

यादीत तिच्या जागेवर गहिनीनाथची म्हैस आली होती. चार दिवस तो फाटकात थांबला होता. हरणीला व्यायला आठ दिवस उरले होते. माळावर गवताची काडी नव्हती. छावणीतून बाहेर म्हणजे थेट बाजारात, मिळेल त्याला देऊन टाकायची.

“मी कावून नेईन तिला? कुठं नेईन?” भिवराबाई म्हणाल्या. “दावणीलाच तर हाय ती!”

मोहनरावांनी पडद्यावर बोट ठेवलं. “बाई, पासवर्ड तुमचाच पडलाय. आन् हे बघा, मजबूत लिवलंय. मजबूत पासवर्ड दुसऱ्याला कसा कळंल? घरी नेणार असाल, मग मन बदललं असंल.”

मित्रांनो, ती साक्ष माझी होती. मीच त्यांच्या विरुद्ध उभा होतो, हिरव्या अक्षरांत.

शिवकन्येने हळूच विचारलं, “काकू, कुणाला सांगितलावता का पासवर्ड?”

“कुणाला न्हाई गं. मी कशाला सांगू?” भिवराबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तिच्या कानात हाय की.”



शिवकन्या उठली आणि बाहेर गेली. दावणीवर नाव विचारलं, कान बघितला, कागदावर उतरवलं. दहा जनावरांनंतर ती परत आली आणि सगळ्यांसमोर एकेक पासवर्ड टाकू लागली. दहांपैकी नऊ खाती उघडली. नववं खातं उघडलं तेव्हा पडद्यावर मालकाचं नाव आलं: मोहनराव. त्यांच्या म्हशीचं नाव मोरी. ती छावणीभर त्याच नावाने ओळखली जायची.

“सचिव साहेब, नेऊ का मोरीला?” शिवकन्येने ‘जनावर नेले’वर बोट धरून विचारलं.

“आगं थांब, थांब! हात काढ आधी!”

दारातून गहिनीनाथ म्हणाला, “मी निस्तं वाचलं. बिल्ला वाचाय काय चोरी लागती व्हय?”

“वाचाय न्हाई लागत,” भिवराबाई म्हणाल्या. “दाबाय लागती.”

गहिनीनाथने मान खाली घातली. “म्हैस उपाशी हुती,” एवढंच तो म्हणाला. त्याच दुपारी तो म्हैस घेऊन पलीकडच्या छावणीच्या वाटेला लागला. हरणीचं नाव पुन्हा यादीत आलं.

दुरुस्ती

शिवकन्येने फळ्यावरचा नमुना पुसला. मग मला उघडलं आणि बदललं.

किमान लांबी: सोळा
यादीतल्या कोणत्याही जनावराचे नाव: चालणार नाही
बिल्ल्याचा आकडा: चालणार नाही
चिन्ह: हवे तर घाला, नको तर राहू द्या

लोकांना तिने सांगितलं, एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन शब्द मनात ठरवा आणि मनातच ठेवा. तात्याबांनी पुन्हा मला शिव्या दिल्या. नवा पासवर्ड ठरवणं त्यांना सातव्या वेळी जमलं.

हरणी नवव्या दिवशी व्याली. कालवड झाली. भिवराबाईंनी तिचं नाव ठेवलं, पण कुणाला सांगितलं नाही. चारचौघांत त्या तिला नुसतं ‘आगं ए’ म्हणायच्या.

“काकू, आता पासवर्डात नाव चालतच नाही. नियम तसा केलाय,” शिवकन्या हसून म्हणाली.

“असू दी बाई. नियमाला काय कळतंय?”

मी ते ऐकलं. मला राग आला नाही. मित्रांनो, मी हिरव्या अक्षरांत ‘मजबूत’ म्हणालो तरी तेवढ्यावर जाऊ नका. एकदा उठून बाहेर या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तुम्ही लिहिलेलं कुठे उघड्यावर फिरत तर नाही ना. मला उठता येत नाही.

भिवराबाईंनी पाऊस पडेपर्यंत वाट बघितली. छावणी उठली, हरणी फाटकाबाहेर पडली आणि कालवड मागे रेंगाळली. तेव्हा त्यांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली, अगदी मोठ्याने.