होयबाची मान

"हलली! मान हलली!" बायको ओरडली आणि तिने होयबाचे दोन्ही कान पुन्हा गच्च पकडले.

होयबा बैठकीच्या खोलीत वाकून उभा होता. हातात उलटी धरलेली छत्री, काखांत दाबलेला टॉवेल, पुढ्यात जमिनीवर बटाटा. खुर्चीत बसून मेहुणा शिकवत होता. मेहुणा गोल्फच्या मैदानावरचं गवत कापायचा, त्यामुळे गोल्फ आपल्याला कोळून प्यायल्यासारखा येतो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"भावोजी, डोकं खुंटीला टांगल्यासारखं स्थिर. डावा हात सरळ. टॉवेल पडला की समजा, हात अंगापासून सुटले. आणि चेंडू गेला तरी नजर जागची हलवायची नाही. कुठे गेला ते बघायला लोक आहेत."

"जपून मारा," बायको म्हणाली, "संध्याकाळची भाजी आहे ती."

होयबाला मान स्थिर ठेवायला सांगणं म्हणजे माशाला कोरडं राहायला सांगणं. साहेबांचं वाक्य संपायच्या आत त्याची मान हलून मोकळी झालेली असे. कचेरीतला पंखा बंद पडला की लोक त्याला जवळ उभं करत म्हणे, आणि सांगणारे काही सगळेच थापाडे नव्हते. दाताच्या डॉक्टरने "शेजारची पण काढू?" म्हणून विचारलं, तेव्हा याने एक धडधाकट दाढ घालवली. गाव सोडून निघालेल्या एका कारकुनाने "कुत्रा ठेवता का?" विचारलं. आता कुत्रा पलंगावर झोपायचा आणि होयबा खाली.

साहेबांच्या गोल्फमधल्या जोडीदाराची कंबर धरली, तेव्हा साहेब म्हणाले, "रविवारी तुम्हीच या खेळायला." मान हलली. मग म्हणाले, "आणि लांबच्या शाखेवर बढतीवर जायला माणूस हवाय. तेही रविवारी बोलू."

त्या 'बोलू'पासून बायको त्याच्या मानेच्या मागे लागली होती. कोपऱ्यावरचं तिचं शिवणाचं दुकान आत्ता कुठे चालू लागलं होतं. आणि साहेबांना होकार लेखी लागत नसे, मान पुरे.

तिने कान सोडले. छत्री मागे गेली. तेवढ्यात तिने विचारलं, "माझ्या आईला कायमचं राहायला बोलावू?"

मान हलली. बटाटा थेट मेहुण्याच्या कपाळावर.

"बोलवा म्हणालात हं," बायको म्हणाली.

मग शनिवारपर्यंत हाच अभ्यास. छत्री फिरायची, बायको विचारायची. "रोज भोपळा करू?" हलली. "तुमचा नवा सदरा कुत्र्याला अंथरू?" किंचित हलली. "दादाचं गाणं ऐकू या?" मान दगडासारखी! मेहुण्याने ते आपल्या शिकवण्याचं यश मानलं.

रविवारी होयबा मैदानावर उभा राहिला. डावा हात सरळ, काखा घट्ट, डोकं खाली. काठी मागे गेली, आणि नेमके तेव्हाच साहेब म्हणाले, "मग त्या शाखेवर तुम्हालाच पाठवतो. चालेल ना?"

मान हलली नाही. काठी सणसणत खाली आली आणि चेंडू गेला. कुठे गेला यावर अजून एकमत नाही. मेहुण्याचं म्हणणं, तो खाली आलेलाच नाही.

साहेब मात्र चेंडूकडे बघायचं विसरले. ही मान थांबलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"अहो, चालेल ना म्हटलं!"

होयबाच्या तोंडात शब्द नव्या कवळीसारखा टोचला. "नाही, साहेब. हिचं दुकान आहे इथे."

"मग बढतीचं विसरा."

"बरं, साहेब," तो म्हणाला. तेही नुसतं तोंडाने.

साहेब आपली काठ्यांची जड पिशवी स्वतःच उचलून पुढे चालू लागले. होयबा अजून वाकलेलाच होता, डोकं खाली, नजर जागच्या जागी. चेंडू होता तिथलं दबलेलं गवत एकेक पातं करत उभं राहत होतं.