सत्तावीस नंबरचं कार्ड

चाळीस वर्षं मी दुसरीच्या वर्गाला शिकवलं. त्यामुळे भाचीने मनोविकारांचं जाडजूड पुस्तक टेबलावर आपटून "मामा, ह्या औषधांनी माझंच डोकं फिरणार आहे" असं म्हणत डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा त्या पुस्तकातलं मला काही कळत नसलं तरी काय करायचं ते बरोबर कळलं. पुस्तक मिटलं. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची कार्डं कापली. एका कार्डावर एक औषध, कोपऱ्यात नंबर.

"हा तुझा वर्ग," मी म्हणालो. "पटावर चौसष्ट मुलं. एकेकाशी ओळख करून घे. स्वभाव कळला की नाव आपोआप लक्षात राहतं."

भाची डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्याकडेच राहते. लहानपणापासून ऐकलेलं सगळं शोषून घेते, म्हणून मी तिला टीपकागद म्हणतो.

रोज सकाळी चहानंतर आमचा वर्ग भरायचा.

"हॅलोपेरिडॉल?"

"कडक मॉनिटर. तो आला की डोक्यातले आवाज गप्प. पण त्याच्या धाकाने अंग लाकडासारखं ताठ होतं, कधी मान एकीकडे वळून तशीच अडकते."

"फ्लुओक्सेटिन?"

"उशिरा येणारा. दोन-चार आठवडे वाट बघायची. आला नाही म्हणून लगेच नाव कापायचं नाही."

"शाब्बास. डायझेपाम?"

"लाघवी. सगळ्यांना शांत करतो आणि मग कुणाचं त्याच्यावाचून चालेनासं होतं."

"ह्या घरात त्याची गरज नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "वर्तमानपत्र हातात दिलं की तुझे मामा पाच मिनिटांत घोरतात."

टीपकागद खळखळून हसली. मला वाटलं, जमलं. पोर हसली की शिकली.

वर्ग सुरू करण्याआधी हजेरी घ्यायची ही माझी जुनी खोड. बुधवारी हजेरीत त्रेसष्टच भरली. पुन्हा मोजली. सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस.

"सत्तावीस नंबर कुठे गेला?"

"हरवलं असेल." ती स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. खोटं बोललेलं दुसरीतलं मूल नेमकं तिथेच बघतं. मुलांना रागावून जे कळत नाही ते थांबून कळतं.

"मामींनी काढून घ्यायला सांगितलं," शेवटी ती पुटपुटली. "लिथियम आहे ते."

आमचा मुलगा सहा वर्षं लिथियम घेत होता.

एकोणिसाव्या वर्षी तो नऊ दिवस झोपला नव्हता. सायकल कुणाला तरी देऊन आला, पुस्तकं वाटून टाकली, मी जगातलं सगळं दुःख संपवणार आहे म्हणाला. त्यानंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लिथियमने त्याला पुन्हा जमिनीवर आणलं. तो छापखान्यात कामाला लागला, बाकीच्यांसारखे विनोद करू लागला, ह्या टीपकागदला खांद्यावर घेऊन फिरवू लागला. डॉक्टर म्हणाले होते, गोळी चुकवू नका. मला तेवढं पुरेसं होतं. कपाटाच्या दाराला आतून मी चौकटीचा कागद चिकटवला. सकाळची गोळी, लाल खूण. संध्याकाळची गोळी, लाल खूण. सहा वर्षांत एकही चौकट रिकामी नव्हती. एकच सोडून.

त्या उन्हाळ्यात त्याचं पोट बिघडलं. हात इतके थरथरू लागले की कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर. बायको म्हणाली, "अहो, आज राहू द्या ना गोळी. त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाहीये." मी ऐकलं नाही, म्हणून तिने त्या संध्याकाळची गोळी चष्म्याच्या घरात लपवली. सकाळी मला ती सापडली. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची खिडकी बंद झाली. पुढचे दोन दिवस गोळी मी स्वतःच्या हाताने दिली. उलटून पडली तर दुसरी दिली. तो झोकांड्या खात मोरीकडे जायचा. त्याची जीभ जड झाली तेव्हा मी म्हणालो, "नीट बोल. तोंडात धरून ठेवू नकोस शब्द."

तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. मूत्रपिंडं बंद पडली. पाच दिवसांनी तो गेला.

घरी परतल्यावर मी बायकोला एकच वाक्य बोललो, "एक गोळी चुकली आणि सगळं कोसळलं." ती काही बोलली नाही. ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

"म्हण," मी टीपकागदला म्हणालो. "सत्तावीस."

"मामा, नको ना."

"परीक्षा परवा आहे. परीक्षकाने नेमकं तेच विचारलं तर काय सांगणार आहेस, मामींनी कार्ड लपवलं म्हणून?"

तिने भिंतीकडे बघत म्हणायला सुरुवात केली. आवाज पाठ म्हणणाऱ्या मुलीचा, सपाट. "लिथियम. उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा एकमेकींच्या अगदी जवळ. रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं. उलट्या, जुलाब, उन्हाने शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की औषध बाहेर पडत नाही, साचत जातं. साचल्याच्या खुणा: हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं, मग झटके."

"आणि उपाय?"

"गोळी ताबडतोब थांबवायची. लगेच दवाखान्यात न्यायचं."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"याचा स्वभाव कसा लिहायचा?" मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "मॉनिटर, उशिरा येणारा, तसं. हा कोणता मुलगा?"

"मामा, याचा मुलगा नको करूया," ती म्हणाली. "हे माझं असंच पाठ आहे."

बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी दारात उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या भाचीकडे, आणि चिमटे एकेक करून डब्यात टाकू लागली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुम्ही खाली फॉर्म भरायला गेला होतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, उलट्या सुरू झाल्यावरही गोळ्या चालू होत्या का, कोण देत होतं."

"मग?"

"मी म्हटलं, मी देत होते."

तिने माझा सदरा झटकला, घडी घातली, घडी नीट बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

"अकरा वर्षं मी तुला दोष देत आलो."

"एकदाच बोललात तुम्ही."

"तोंडाने एकदा," मी म्हणालो.

तिने सदरा कपड्यांच्या ढिगावर ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला पुन्हा वर्गावर जायचं होतं. हे कळलं असतं तर तुम्हाला एकाही पोराच्या तोंडाकडे बघवलं नसतं. आणि शिकवण्यावाचून तुम्हाला येतंच काय?" शेवटचं ती नेहमीच्या टोमण्यासारखं म्हणायला गेली, पण मध्येच तिचा आवाज फुटला.

अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ती मनातून खजील आहे, म्हणून माझ्यासमोर रडत नाही. चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचणाऱ्या माणसाला घरातलं एक तोंड वाचता आलं नव्हतं.

माफ कर हे दोन शब्द मी म्हणालो, पण ते फारच लहान निघाले. तिने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते अजूनही मला माहीत नाही.

"सत्तावीस नंबर दे," मी म्हणालो. तिने घड्या घातलेल्या कपड्यांच्या वर चष्म्याचं घर ठेवलं होतं. ते उघडलं. कार्ड त्यातच होतं, मधोमध दुमडलेलं.

मी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या. एकीवर ती बसली, एकीवर मी.

"टीपकागद, इकडे ये. आम्ही पेशंटचे आई-बाप. तू डॉक्टर. आज पहिल्यांदा गोळी सुरू होतेय. समजाव आम्हाला."

तिने डोळे पुसले आणि ती समोर उभी राहिली. "ही गोळी रोज वेळेवर द्यायची," ती म्हणाली. "पण—"

"मोठ्याने. मागच्या बाकावर ऐकू येत नाही."

"पण जुलाब-उलट्या झाल्या, हात जास्त थरथरू लागले, तर गोळी द्यायची नाही. त्याला लगेच घेऊन यायचं."

"डॉक्टर, गोळी उलटून पडली तर दुसरी द्यायची का?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही, मामा."

"मामा नाही. परीक्षा आहे. पुन्हा सांग."

बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. टीपकागदने पुन्हा सांगितलं.